वाड्यावरच्या लोकांनी स्वतः केलेला व्हिडिओ खात्यापुढे कसा न्यावा?

झरीकाठ
गोव्यातल्या सांगे तालुक्यात वेळीप या आदिवासी समाजाच्या एका वाड्यावर पाणी, रस्ता आणि वनहक्काचे दावे (राहत्या-कसत्या वनजमिनीवरच्या हक्काचे) या तिन्हींवर खात्यांशी बोलणे अडले आहे. बैठकीत दोघे-तिघेच बोलतात, बायका मागे बसतात, आणि जे बोलले जाते तेही इतिवृत्तात धड उतरत नाही. म्हणून लोकांनीच व्हिडिओ करून अधिकाऱ्यांना दाखवायचे ठरते आहे. दोन फोन, एक ट्रायपॉड आणि एक लॅपटॉप आहे. किती दिवस धरावेत? दाव्याला पुरावा म्हणून तो चालेल का?

कुमेरी
तीन विषय एका फिल्ममध्ये कोंबू नका. पाण्याचा अधिकारी वेगळा, वनाचा वेगळा, आणि दुसऱ्या खात्याकडे बोट दाखवायला प्रत्येकाला वाव मिळतो. एक विषय, सहा ते आठ मिनिटे.

सलग चार-पाच दिवस धरा. आठ-दहा जणांचा गट करा, बायकांचा वेगळा. एकत्र गटात फोन लवकरच तरुण मुलांच्या हाती जातो. पहिल्या दिवशी गोल बसून प्रत्येकाने शेजाऱ्याला नाव आणि एक प्रश्न विचारत चित्रीकरण करायचे आणि लगेच सगळ्यांनी बघायचे. शिकवणाऱ्याने फोनला हात लावायचा नाही, फक्त तोंडाने सांगायचे. मग चार्टपेपरवर सहा चौकोन आखून गोष्ट चित्रांत मांडा. कोणाला अक्षरओळख नसली तरी अडत नाही. प्रत्येक शॉट निदान दहा सेकंद स्थिर ठेवा.

संकलनाआधी एका चिठ्ठीवर एक शॉट लिहून चिठ्ठ्या जमिनीवर मांडा. काय ठेवायचे, काय गाळायचे ते लोक तिथेच ठरवतात; लॅपटॉपवाला फक्त ते जोडतो. फिल्म पहिल्यांदा दाखवायची ती वाड्यावरच. तिथे हरकत आली तर तो भाग काढायचा, वाद घालायचा नाही.

बहुतेक ठिकाणी काम इथेच थांबते आणि फुकट जाते. १९६७ साली कॅनडातल्या फोगो बेटावर हा प्रयोग झाला. तिथे कॅमेरा बेटवासीयांच्या हाती नव्हता, पण फिल्म आधी त्यांना दाखवून, त्यांच्या संमतीनेच सरकारकडे गेली. मग मंत्र्याचे उत्तर चित्रित करून बेटावर दाखवले गेले. संवाद घडतो तो या परतीच्या फेरीमुळे. व्हॉट्सॲपवर क्लिप पाठवू नका. बैठकीत सगळ्यांसमोर लावा, अधिकाऱ्यांचे उत्तर त्यांना विचारून तिथेच चित्रित करा, हुद्दा आणि तारीख बोलून घ्या, आणि पंधरा दिवसांत ते वाड्यावर दाखवा.

रानवारा
चित्र डळमळले तर चालते, आवाज गेला तर फिल्म गेली. कॉलरचा माइक हनुवटीखाली वीतभर लावा, कापडावर घासणार नाही असा. पत्र्याखाली पावसात मुलाखत घेऊ नका, झरीपासून लांब बसा. पाण्याचा आवाज वेगळा तीस सेकंद घ्या. हेडफोन लावून दर वेळी तपासा. फोन एअरप्लेन मोडवर आणि आडवा. १०८०पी, ३० फ्रेम्सला मिनिटाला साधारण १२० ते १५० एमबी लागतात, त्यामुळे रोज संध्याकाळी दोन ठिकाणी कॉपी करा. फोनचा फ्रेमरेट (सेकंदाला किती चित्रे) स्थिर नसतो, लांब शॉटमध्ये आवाज ओठांपासून सरकतो. शॉटकट या संकलनाच्या सॉफ्टवेअरमध्ये फाइल आधी एडिटिंगसाठी कन्व्हर्ट करून घ्या. बोलणे कोंकणीतच राहू द्या, खाली मराठी किंवा इंग्रजी ओळी द्या.

नियम_तेरा
पुराव्याबद्दल. वनहक्क नियमांच्या नियम १३ मध्ये दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचे निवेदन चालते, पण ते *लेखी उतरवलेले* हवे. म्हणून व्हिडिओ जोडून भागत नाही: म्हाताऱ्यांचे बोलणे कागदावर उतरवा, वाचून दाखवा, सही किंवा अंगठा घ्या. शिवाय एकाहून अधिक पुरावे लागतात, तेव्हा जुन्या विहिरी, स्मशाने, देवस्थाने यांचे चित्रीकरण पाहणीच्या वेळी वनहक्क समितीला उपयोगी पडते. गावडा, कुणबी, वेळीप २००३ पासून अनुसूचित जमातींत आहेत. शेजारी या यादीत नसलेली धनगर-गवळी कुटुंबे असतील तर त्यांना १३ डिसेंबर २००५ पूर्वीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. त्यांची निवेदने वेगळी घ्या.

धोका पण आहे. झाड तोडताना किंवा कुमेरी (फिरत्या शेतीसाठी साफ केलेले रान) जाळतानाचा शॉट उद्या त्याच माणसाविरुद्ध वापरला जाऊ शकतो. फोनचे लोकेशन बंद ठेवा. अभयारण्याच्या हद्दीत चित्रीकरण असेल तर आधी मुख्य वन्यजीव रक्षकाकडे लेखी परवानगी मागा.

झरीकाठ
आभार. मूळ फाइली कोणाकडे ठेवाव्यात? मदत करणारी संस्था मागते आहे.

कुमेरी
मूळ प्रत वाड्याकडेच. दोन पेनड्राइव्ह करा, एक वनहक्क समितीकडे आणि एक बायकांच्या गटाकडे. संस्थेला फक्त मंजूर झालेली फिल्म द्या, आणि कुठे दाखवणार ते लिहून घ्या. मांडावरचे (गावच्या पवित्र जागेवरचे) विधी आणि देवरायीचे शॉट असतील तर ते कोणालाही देण्याआधी गावकाराला (गावच्या परंपरागत प्रमुखाला) विचारा.