पेटंट अर्जाच्या एफईआरमध्ये ‘क्लेम अस्पष्ट’ असा आक्षेप: वर्कलोड मॉनिटरिंगच्या सॉफ्टवेअरसाठी नेमकं काय दुरुस्त करायचं?

लोकमान्यनगर_इंदूर
नमस्कार मंडळी. इंदुरातल्या आमच्या छोट्या कंपनीच्या पेटंट अर्जावर एफईआर (पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल) आलाय. मुख्य आक्षेप दोन: पेटंट कायद्याच्या कलम १०(५) खाली क्लेम (नेमका कशावर हक्क मागतोय ते सांगणारी वाक्यं) स्पष्ट नाहीत, आणि कलम ३(के), म्हणजे नुसत्या संगणक प्रोग्रॅमला पेटंट नाही. सॉफ्टवेअर सर्व्हरवरच्या कंटेनरांवर (एकाच मशीनवर वेगवेगळ्या कप्प्यांत चालणारे प्रोग्रॅम) लक्ष ठेवतं आणि एखादा कंटेनर गुदमरत असेल तर त्याचा सीपीयू कोटा, म्हणजे सीपीयू वापरायला ठरवून दिलेला वेळ, वाढवतं. अर्ज इंग्रजीत आहे, क्लेम १ चा मराठी आशय असा:

“वर्कलोडवर देखरेख ठेवणारी प्रणाली, जिच्यात मॉनिटरिंग मॉड्यूल वर्कलोडची माहिती जवळपास रिअल टाइममध्ये गोळा करते, ॲनालिसिस मॉड्यूल लोड जास्त आहे का हे सदर मर्यादेशी ताडून पाहते, आणि त्यानुसार योग्य ती कृती केली जाते.”

‘लोड जास्त’ काढून ‘लोड ८० टक्क्यांहून जास्त’ लिहावं असं आमच्यात चाललंय. तेवढ्यानं भागेल का?

टर्मिनलवाली
नाही भागणार. ८० टक्के कशाचे, हाच तर प्रश्न आहे.

लिनक्सचा लोड ॲव्हरेज म्हणजे टक्केवारी नाहीच. धावणाऱ्या आणि धावायला तयार असलेल्या टास्कची ती संख्या आहे, आणि डिस्कवर अडकून ‘डी’ अवस्थेत पडलेली टास्कही त्यात मोजली जातात. नेटवर्कवरची डिस्क लटकली की ८ कोअरच्या मशीनवर लोड ४० दिसतो आणि सीपीयू मात्र निवांत असतो. शिवाय १ मिनिटाचा आकडा ही ६० सेकंदांची साधी सरासरी नव्हे. कर्नल (लिनक्सचा गाभा) साधारण दर ५ सेकंदांनी मोजणी करून जुन्या मोजणीचं वजन घटवत नेतो. स्पेसिफिकेशनमध्ये (अर्जातल्या शोधाच्या सविस्तर वर्णनात) लोड ॲव्हरेज वाचलाय आणि क्लेममध्ये ‘६० सेकंदांची सरासरी’ लिहिलं, तर दोन्हींचा मेळ बसणार नाही.

तुमच्या बाबतीत तर अजून पंचाईत. कंटेनरच्या आतून लोड ॲव्हरेज वाचला तर सहसा अख्ख्या होस्टचा (कंटेनर ज्या मशीनवर चालतात त्याचा) आकडा मिळतो, त्या कंटेनरचा नाही. आणि सीपीयूचा वापर बघाल तर उलट फसगत: कोटा १०० मिलिसेकंदांत ५० मिलिसेकंद असेल, तर ४ कोअरच्या होस्टवर तो कंटेनर जीव तोडून चालला तरी एकूण वापरात त्याचा वाटा फार तर १२.५ टक्के दिसेल. तुमची ८० टक्क्यांची रेघ त्याला कधी शिवणारच नाही. तो गुदमरतोय हे कळतं सीग्रुपच्या (कंटेनरला कोटा लावणारी लिनक्सची सोय) काउंटरांवरून: एकूण किती पीरियड, म्हणजे ती १०० मिलिसेकंदांची आवर्तनं, झाले आणि त्यातले किती थ्रॉटल झाले, म्हणजे कोटा संपल्यानं अडवले गेले. स्पेसिफिकेशनमध्ये तुम्ही नक्की काय वाचता, ते आधी सांगा.

दांडियाबाजार_बडोदा
ताईंचा शेवटचा प्रश्न कायद्याच्या बाजूनंही पहिला आहे. कलम ५९ प्रमाणे, मूळ स्पेसिफिकेशनमध्ये जे नाही ते आता क्लेममध्ये घालता येत नाही, आणि नवा क्लेम आधीच्या क्लेमच्या कक्षेत पूर्णपणे मावला पाहिजे. ८० हा आकडा मूळ कागदांत कुठेच नसेल तर तो घालणं म्हणजे एक आक्षेप मिटवून दुसरा ओढवून घेणं. असलाच, तर मुख्य क्लेममध्ये घालून स्वतःला बांधून का घ्यायचं? उद्या कुणी ७८ वर तेच काम करेल आणि तुम्ही बघत बसाल. आकडे अवलंबित क्लेममध्ये, म्हणजे मुख्य क्लेमवर टेकून जादा अट घालणाऱ्या क्लेममध्ये.

अस्पष्ट जागा माझ्या नजरेला पाच दिसतात. ‘वर्कलोड’ म्हणजे प्रोसेस, कंटेनर की व्हर्च्युअल मशीन? ‘जवळपास रिअल टाइम’ला माप नाही. ‘लोड’चं ताईंनी सांगितलंच. ‘सदर मर्यादा’ म्हणता, पण त्याआधी मर्यादेचा उल्लेखच नाही. ही चूक सर्वांत सोपी आणि सर्वांत जास्त दिसणारी. आणि ‘योग्य ती कृती केली जाते’ यात कर्ताच गायब आहे.

मुदत एफईआर निघाल्याच्या तारखेपासून ६ महिने, तुम्ही तो उघडून वाचला त्या दिवसापासून नव्हे. वाढवून हवी असेल तर फॉर्म ४ वेळेत भरा. उत्तरच गेलं नाही तर कलम २१ खाली अर्ज सोडून दिला असं धरतात.

लोकमान्यनगर_इंदूर
धन्यवाद दोघांना. कागद पुन्हा काढून बघितले. परिच्छेद ३१ मध्ये ‘थ्रॉटल झालेल्या पीरियडचं प्रमाण’ आहे. वाचनाचं अंतर ५ ते ३० सेकंद दिलंय. आकृती ३ च्या फ्लोचार्टमध्ये वरची आणि खालची अशा दोन मर्यादा आहेत. कृती दोन: कोटा वाढवणे, किंवा ॲडमिनला अलर्ट. ८० कुठेच नाही.

दांडियाबाजार_बडोदा
मग तुमचं घर भरलेलंच आहे भाऊ, उगाच बाहेर कशाला शोधताय! मुख्य क्लेमचा सांगाडा असा करून बघा:

“प्रोसेसर व मेमरी असलेल्या होस्टवर चालणाऱ्या प्रत्येक कंटेनरसाठी, प्रोसेसर: ठरवलेल्या अंतराने कर्नलच्या काउंटरांतून एकूण पीरियड आणि थ्रॉटल झालेले पीरियड वाचतो, लागोपाठच्या दोन वाचनांमधल्या वाढीवरून थ्रॉटल झालेल्या पीरियडचं प्रमाण काढतो, ते प्रमाण पहिल्या मर्यादेच्या वर गेल्यास त्या कंटेनरचा सीपीयू कोटा वाढवतो, आणि पहिल्या मर्यादेहून कमी असलेल्या दुसऱ्या मर्यादेच्या खाली आल्यास कोटा पूर्ववत करतो.”

५ ते ३० सेकंद क्लेम २ मध्ये. उत्तरासोबत खुणा केलेली आणि स्वच्छ अशा दोन प्रती द्या, आणि प्रत्येक बदलासमोर परिच्छेद किंवा आकृतीचा क्रमांक लिहा. हिअरिंगला तोच कागद कामाला येतो.

टर्मिनलवाली
एक भर. काउंटर कंटेनर पुन्हा सुरू झाल्यावर शून्यावर येतात, मग वाढ ऋण निघते. आणि वाचनाच्या मधल्या काळात कंटेनर झोपलेला असेल तर एकूण पीरियडची वाढ शून्य, म्हणजे शून्यानं भागाकार. या दोन्हींची सोय स्पेसिफिकेशनमध्ये असेल तर तो अवलंबित क्लेम करा.

क्लेमकारकून
अलर्टबद्दल वेगळं मत. तो मुख्य क्लेममध्ये ‘किंवा’ लावून ठेवू नका. ‘कोटा वाढवणे किंवा अलर्ट देणे’ लिहिलंत की क्लेमचा एक फाटा ‘मोजलं आणि दाखवलं’ इथेच थांबतो, आणि ३(के) खाली तोच सर्वांत दुबळा. ३(के) मधला ‘पर से’ (‘नुसता, निव्वळ’) हा शब्द २००२ च्या दुरुस्तीतला. फरीद अल्लानी प्रकरणात दिल्ली उच्च न्यायालयानं २०१९ मध्ये त्याच शब्दावर बोट ठेवून तांत्रिक परिणाम बघायला सांगितलं. तुमचा तांत्रिक परिणाम म्हणजे कोटा बदलल्यानं थ्रॉटलिंग कमी होणं. थ्रॉटलिंगच्या आधीच्या-नंतरच्या नोंदी मूळ कागदांत असतील तर उत्तरात त्यांचा परिच्छेद दाखवा.

अमेरिकेतही अर्ज असेल तर ‘मॉड्यूल’ शब्द तिथूनही काढा. विल्यमसन विरुद्ध सिट्रिक्स, २०१५: ‘मॉड्यूल’ ही नुसती पोकळ जागा मानली गेली, आणि ते काम करणारा अल्गोरिदम स्पेसिफिकेशनमध्ये न सापडल्यानं क्लेम अनिश्चित ठरले. तुमच्याकडे आकृती ३ आहे, म्हणून तेवढी भीती नाही. पण फ्लोचार्टच्या चौकटीत ‘लोड तपासा’ एवढंच लिहिलंय की प्रमाण काढण्याची रीतही आहे, हे आज बघून घ्या.