आईच्या पायावर नक्की किती वजन द्यायचं?

आई ६१ वर्षांची, स्कूटरवरून पडली, पेल्विस (कमरेखालचं, ओटीपोटाभोवतीचं हाड) आणि मांडीचं हाड मोडलं, प्लेट आणि रॉड टाकलाय, आता ७ आठवडे झाले. डॉक्टर म्हणाले पार्शल वेट, म्हणजे त्या पायावर थोडंच वजन द्यायला, सुरू करा, पण म्हणजे किती ते घाईत विचारायचं राहिलं आणि आई तर पाय टेकवायलाच घाबरते, रडते हो.

सातारकर: आकडा डॉक्टरांनाच फोन करून विचारा, प्रत्येकाचं फ्रॅक्चर वेगळं असतं. मग घरातला वजनकाटा घ्या, चांगल्या पायाखाली तेवढ्याच उंचीचा पाट, वॉकर धरून ऑपरेशनचा पाय काट्यावर हळूहळू दाबायचा, समजा २० किलो सांगितलेत तर काटा २० वर आला की बस. आमच्या बाबांना चार दिवसांत अंदाज आला, भीतीही गेली.

फिजिओ_ताई: चालताना आधी वॉकर पुढे, मग ऑपरेशनचा पाय, मग चांगला. खाली मांडी घालून किंवा उकिडवं बसणं सध्या नकोच, कमोडची खुर्ची आणा. आणि पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर लगेच हॉस्पिटल गाठा, रक्ताची गुठळी असू शकते.

आजच फोन करते. काटा आहे घरात. खूप आभार दोघांचे 🙏