माओरी शिकताना ‘पेपेहा’ कसा सांगावा?

प्रश्न : न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला नोकरीनिमित्त राहतो आणि तेथील मूळ रहिवाशांच्या माओरी भाषेच्या सायंकाळच्या वर्गाला जातो. लवकरच आम्हांला मराएवर, म्हणजे माओरी लोकांच्या सभास्थानी, नेणार आहेत. तेथे प्रत्येकाने पेपेहा, म्हणजे आपला डोंगर, नदी, पूर्वजांची होडी आणि जमात सांगून ओळख करून द्यायची आहे. माझे गाव वाईजवळचे. पांडवगड आणि कृष्णा यांची नावे त्याच साच्यात घालणे योग्य ठरेल काय?

प्रतिसाद १ : पेपेहा हा वंशावळ आणि भूमी यांचा संबंध सांगणारा असल्यामुळे बाहेरच्या माणसाने तोच साचा वापरावा की नाही, याबाबत माओरी लोकांतही एकमत नाही. वर्गातील शिक्षकांना आधी विचारा. ‘नो ईनिया आहाऊ’ (मी भारतातला) एवढे म्हटले तरी चालते. ऑकलंडचा डोंगर मात्र ‘माझा’ म्हणून सांगू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

प्रतिसाद २ : सहमत. १९७२ साली माओरी भाषेसाठी संसदेला दिलेला अर्ज, १९८२ पासूनच्या ‘कोहांगा रेओ’ या माओरीतून चालणाऱ्या बालवाड्या आणि १९८७ चा राजभाषेचा कायदा, एवढ्या खटपटीनंतर ही भाषा सावरली आहे; तेव्हा थोडा संकोच असलेला बरा. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद माओरीतही असल्याने सर्वनामे आपल्याला जड जात नाहीत, पण दोघांसाठीची वेगळी रूपे घोकावीच लागतात.

प्रतिसाद ३ : सभागृहात शिरताना पादत्राणे बाहेर काढा आणि उशीवर बसू नका, डोके पवित्र मानतात. भाषणानंतर गीत म्हणण्याची प्रथा आहे, तेव्हा एखादे वाइआता (माओरी गीत) पाठ करून जा.