मदत हवी आहे: रिक्षाचा मागचा डावा टायर फक्त आतल्या कडेने झिजतोय, हवेचा दोष की दुसरं काही?

नमस्कार. बाबा चिपळूणला रिक्षा चालवतात, त्यांच्यासाठी विचारते आहे. गाडी सीएनजीची, इंजिन मागे, तिन्ही चाकांना 4.00-8 चे (8 इंची रिमचे) ट्यूबवाले टायर.

मागचा डावा टायर आतल्या बाजूने, म्हणजे इंजिनाकडच्या कडेने, खाल्ला जातो. बाहेरच्या कडेला नक्षी चांगली शिल्लक आहे, आतली कड पार गोटा. उजवा टायर याच्याच बरोबर टाकलेला, तो सगळीकडून सारखा झिजलाय. पुढच्या चाकाची काही तक्रार नाही. आधीचा डावा टायरही असाच गेला होता. तेव्हा माल हलका असेल म्हणून सोडून दिलं. या वेळी चांगले सहा प्लायचे, म्हणजे जास्त थरांचे मजबूत, टाकले, तरी तेच.

हवा पुस्तिकेत दिली आहे तेवढीच ठेवतात, मागच्या दोन्ही चाकांना सारखी. स्टँडवर एकजण म्हणतो डावीकडे पाच पाउंड कमी ठेवा, दुसरा म्हणतो वाढवा. मला दोन्ही पटत नाही. हवा कमी असली तर टायर दोन्ही कडांनी झिजतो, जास्त असली तर मधोमध, एवढं मला कळतं. मग एकाच कडेने झिजणारा टायर हवेने कसा सुधारेल? बाबांना मात्र वाटतं की इतकी वर्षं रिक्षा चालवणारी माणसं उगाच सांगणार नाहीत. म्हणून जाणकारांना विचारते.

फेऱ्या म्हणजे सकाळी रेल्वे स्टेशन, मग बाजारपेठ ते बहादूरशेख नाका, अधूनमधून परशुराम घाट चढून लोट्यापर्यंत. पावसाळा तोंडावर आहे आणि पासिंगही जवळ आलंय. ओल्या घाटात या टायरवर बाबा गाडी उतरवतात, याची मला रोज काळजी वाटते. नक्की काय तपासायला सांगू?

उत्तर (रिक्षाचालक, नाशिक)

ताई, डावं चाक कायम रस्त्याच्या कडेला असतं. पाणी वाहून जावं म्हणून रस्त्याला कडेकडे उतार दिलेला असतो, त्यामुळे गाडीचा भार थोडा डावीकडे जातो. खड्डे, गटाराची झाकणं, डांबराची तुटलेली कड, सगळं त्याच चाकाखाली. माझाही डावा टायर उजव्याच्या आधी संपतो. पण तो सरळ झिजतो, एका कडेने नाही. तुमच्या गाडीत दुसरं काहीतरी आहे. हवेशी खेळू नका, घाटात तर नाहीच.

उत्तर (गॅरेज, सांगली)

ताईंचं म्हणणं बरोबर आहे. एक कड खाल्ली जाते ती चाक तिरकं उभं असल्यामुळे किंवा तिरकं चालल्यामुळे. दोन्ही ओळखायला यंत्र लागत नाही.

आधी टायरवर तळहात फिरवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत. एका दिशेने गुळगुळीत आणि उलट दिशेने करवतीसारखं धारदार लागलं, तर चाक सरळ रेषेत चालत नाही, फरफटत चाललंय. दोन्ही दिशांनी सारखंच गुळगुळीत लागलं, तर चाक कललंय.

मग सपाट फरशीवर गाडी उभी करा आणि गवंड्याचा ओळंबा मागच्या चाकाच्या बाहेरून सोडा. रिमच्या वरच्या कडेपासून दोरीचं अंतर मोजा, खालच्या कडेपासून मोजा, दोन्ही चाकांचं. रिकाम्या गाडीत फरक कदाचित दिसणारच नाही. मागच्या सीटवर तीन मोठी माणसं बसवा आणि परत मोजा. वरचं अंतर खालच्यापेक्षा जास्त आलं, तर चाकाचा माथा आत झुकलाय आणि आतली कड जमिनीवर दाबली जातेय.

असं का होतं, तेही सांगतो. मागचं प्रत्येक चाक एका आर्मवर, म्हणजे चेसीपासून मागे आलेल्या दांड्यावर, लटकलेलं असतं. आर्म चेसीला जिथे जोडलाय तिथे रबराचे बुश असतात. चाक आर्मच्या बाहेरच्या बाजूला, त्यामुळे जमिनीचा रेटा आर्मला पिळायला बघतो. बुश चांगले असेपर्यंत ते हा पीळ धरून ठेवतात. रबर मेलं की भार पडताच चाकाचा माथा आत येतो. डावीकडचे बुश आधी जातात, कारण नाशिकच्या दादांनी सांगितलंच. चाक उचलून वरखाली धरून हलवा. नुसतं चाक खेळलं तर बेअरिंग, सगळा आर्म हलला तर बुश. एवढं करूनही सापडलं नाही, तर आर्म वाकलाय का बघायचं.

ब्रेकही बघून घ्या. फेरी संपल्यावर दोन्ही ड्रमजवळ हात न्या. एक जास्त तापलेला असेल तर लायनर (ब्रेकची घासणारी पट्टी) सुटत नाही, तो टायर अख्खा लवकर झिजेल.

हवेबद्दल एवढंच. सकाळी गाडी काढण्याआधी, टायर थंड असताना मोजायची. तापमान दहा अंशांनी चढलं की हवा दोनेक पाउंड चढते, म्हणून दुपारी गरम टायरमधून हवा काढून टाकली की पहाटे ती कमीच भरते. चाक लहान असल्यामुळे हे महत्त्वाचं. 4.00-8 चा टायर एका किलोमीटरला साधारण 780 वेळा फिरतो, 12 इंची रिमच्या छोट्या कारचा 600 च्या आसपास. त्यातून कमी हवेने रबर जास्त दुमडतं, तापतं, आणि भरल्या गाडीत घाट चढताना टायरची बाजू फुटू शकते. डावीकडे पाच पाउंड कमी करा म्हणणाऱ्याला हे जरूर सांगा.

पुन्हा मी (चिपळूण)

काका, मनापासून आभार. शेजारच्यांना सीटवर बसवून ओळंबा सोडला. उजवीकडे वरखाली अंतर जवळपास सारखं. डावीकडे वर बोटभर जास्त. चाक हलवलं तर आर्मसकट हलतंय, बाबांनी स्वतः हात लावून पाहिलं. आता बुश बदलायला गाडी देतोय. एकच विचारायचंय: जुना डावा टायर रिमवर उलटा करून, गोटा झालेली कड बाहेर ठेवून, पावसाळाभर चालेल का? बाबांचा तसा विचार आहे.

उत्तर (गॅरेज, सांगली)

नाही ताई, तो टायर काढाच. केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 च्या नियम 94 प्रमाणे तीनचाकीच्या टायरला निदान 0.8 मिमी नक्षी हवी, तुमच्या टायरला एका बाजूला ती उरलेलीच नाही. पासिंगला अडेल ते अडेल, पण ओल्या रस्त्यावर पाणी बाहेर काढायला खाचाच नाहीत, ब्रेक मारला की मागची बाजू घसरेल. स्टेपनीलाही ठेवू नका, कारण स्टेपनी नेमकी घाटात लागते.

ठेवायचाच तर उजवा ठेवा. त्याची नक्षी सारखी आहे, बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण नसेल तर तो स्टेपनीला ठेवा आणि मागे दोन्ही नवे टाका. एक उंच, एक झिजका अशी जोडी चालवली तर सरळ रस्त्यावरही डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारे गिअर, सतत काम करत राहतं. घेताना बाजूवरचे चार आकडे वाचा: पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. दुकानात बरीच वर्षं पडून राहिलेला टायर घेऊ नका.

आणि टायर घरी उतरवणार असाल तर व्हॉल्वची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या, मगच नट उघडा. या रिमच्या दोन पाळ्या बोल्टने जोडलेल्या असतात. आत हवा असताना चुकीचा नट फिरला तर पाळी थेट अंगावर येते.