मदत हवी आहे : आयेल्ट्सचे शब्द वाचताना कळतात, लिहिता-बोलताना सुचत नाहीत

नमस्कार मंडळी,

मी नाशिकमध्ये एका खासगी रुग्णालयात स्टाफ नर्स आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम, पुढे बी.एस्सी. नर्सिंग. यूकेच्या एनएमसी (तिथली नर्सिंग कौन्सिल) नोंदणीसाठी आयेल्ट्स अकॅडमिक ही इंग्रजीची परीक्षा द्यायची आहे. रीडिंग, लिसनिंग, स्पीकिंगला किमान ७ आणि रायटिंगला ६.५ लागतात. रीडिंग-लिसनिंग जमतंय. गाडी अडते ती रायटिंग-स्पीकिंगला, आणि तिथे पाव हिस्सा गुण शब्दसंपत्तीचे असतात.

वॉर्डातली इंग्रजी रोजचीच आहे. राउंड, हँडओव्हर, केसपेपर, तिथे शब्द शोधावा लागत नाही. पण रायटिंगच्या टास्क टूला, म्हणजे निबंधाला, शहरातल्या वाहतूक कोंडीचा विषय आला की द्वारका चौक डोळ्यांसमोर असतो, मुद्दे मराठीत भराभर सुचतात, आणि कागदावर उतरतं ते 'बिग प्रॉब्लेम', 'व्हेरी बॅड'. २५० शब्दांचा निबंध तेवढ्यावर कसा निभावणार?

क्लासमध्ये शब्दांची झेरॉक्स दिली आहे, समोर मराठी अर्थ. पाठ होते, उताऱ्यात शब्द दिसला की ओळखतेही. पण 'मिटिगेट' (सौम्य करणं) नक्की कशाला लावायचं, रिस्कला की ट्रॅफिकला, ते त्या यादीत नाही. 'अवघड शब्द घाला, बँड (गुण) वाढतो' असं तिथे सांगतात. मला ते मनापासून पटत नाही. भारी शब्द चुकीच्या जागी बसला तर गुण जाणारच ना?

शिफ्ट ड्यूटी सांभाळून काय करावं? 'अकॅडमिक वर्ड लिस्ट' (अभ्यासाच्या लेखनात वारंवार येणाऱ्या इंग्रजी शब्दांची यादी) करावी का?

गोदाकाठ :
ताई, तुमची शंका रास्त आहे. नेमकेपणाला गुण आहेत, शब्द कुठे आणि कशाबरोबर वापरला तेही परीक्षक बघतात. ती लिस्ट एव्हरिल कॉक्सहेड यांनी २००० साली प्रसिद्ध केली, ५७० शब्दकुटुंबं (एक मूळ शब्द आणि त्याची रूपं) आहेत. रीडिंग-रायटिंगला उपयोगी, पण रोजच्या वापरातले शब्द तिच्यात मुद्दामच घेतलेले नाहीत, त्यामुळे स्पीकिंगची भिस्त तिच्यावर नको.

वहीत सुटा शब्द लिहूच नका, जोडी लिहा. 'मिटिगेट'पुढे 'रिस्क', 'इम्पॅक्ट'. 'कंजेशन' (कोंडी) मागे 'ईझ', 'रिलीव्ह', 'सिव्हिअर'. ऑक्सफर्ड, लाँगमनचे लर्नर्स शब्दकोश नेटवर फुकट आहेत, जोड्या तिथे सापडतात. मग त्याच जोड्या घेऊन द्वारका चौकावर चार ओळी लिहा आणि त्याच ओळी मोबाइलवर बोलून रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी वही न बघता पुन्हा बोला. हे न बघता आठवणं सगळ्यात महत्त्वाचं, नुसतं वाचून शब्द तोंडात येत नाही.

सातपूरकर :
ओईटीचा (आरोग्य क्षेत्रातल्यांसाठीची इंग्रजी परीक्षा) विचार केलात का? एनएमसीला चालते. रायटिंगला सी प्लस ग्रेड, बाकी तिन्हींना बी ग्रेड लागते. वाहतुकीवर निबंध नाही, केस नोट्सवरून रेफरल किंवा डिस्चार्जचं पत्र असतं. स्पीकिंगला पेशंटशी बोलायचे दोन रोलप्ले. फी आयेल्ट्सपेक्षा बरीच जास्त आहे, पण वॉर्डातली इंग्रजी तुमच्या हातात आहे म्हणता, म्हणून सुचवतोय.

धागाकर्ती :
दोघांचे मनापासून आभार. जोड्यांची वही आजपासूनच. ओईटीचा एक नमुना पेपर सोडवून बघते, मग फीचं ठरवेन. इंदिरानगर किंवा नाशिकरोड भागातली कुणी नर्स ओईटी करत असेल तर इथेच लिहा. समोर पेशंट म्हणून कुणी बसल्याशिवाय रोलप्लेचा सराव होणार नाही.