एचओएचे (घरमालकांच्या सोसायटीचे) नियम बदलून मेटल रूफ बसवायचंय, कोणी केलंय का?

टेक्सासवाल्यांनो (आणि ज्यांचं ज्यांचं एचओएशी कधी वाजलंय त्या सगळ्यांनो), मदत हवी आहे. जरा लांबण लागणार आहे, आधीच सांगते.

आमचं घर डॅलसच्या उत्तरेला. एप्रिलच्या गारपिटीत रूफ गेलं. गेलं म्हणजे उडालं नाही, पण इन्शुरन्सचा अ‍ॅडजस्टर (नुकसान तपासणारा माणूस) वर चढून खडूने गोल गोल करत बसला आणि खाली येऊन म्हणाला सगळंच बदला. दहा वर्षांत हे दुसरं, आणि दर वेळी डिडक्टिबल आपल्याच खिशातून (आमच्या पॉलिसीत घराच्या इन्शुअर्ड रकमेच्या २ टक्के, बसा हिशोब करत), तर आम्ही दोघांनी ठरवलं की आता एकदाच काय तो खर्च करू, स्टँडिंग सीम मेटल (उभ्या लांब धातूच्या पट्ट्यांचं रूफ) घालू आणि विषय संपवू.

एचओएच्या परवानगीचा फॉर्म भरला, रंगाचा तुकडा जोडला, तीन आठवड्यांनी उत्तर आलं: नामंजूर. कारण काय तर कव्हेनंटमध्ये (एचओएच्या नियमांच्या कागदात) फक्त कम्पोझिशन शिंगल (नेहमीचे डांबरी तुकडे), तेही एकाच मातकट रंगात. सासूबाईंना फोनवर सांगितलं तर म्हणाल्या, "पत्रे घालायला अमेरिकेत गेलात होय गं?" बोर्डातल्या एका आजोबांचंही मत डिट्टो हेच आहे, फक्त इंग्रजीत.

मग म्हटलं नियमच बदलून घेऊ. आमच्याकडे २१२ घरं आहेत, मूळ कागद १९८४ चा, आणि त्यात दुरुस्तीला ७५ टक्के मतं लागतील असं लिहिलंय. गेल्या वार्षिक मीटिंगला प्रॉक्सी धरून ६१ जण होते आणि त्यातले निम्मे पूलच्या चावीबद्दल भांडायला आलेले. कशी जमवायची एवढी मतं? कोणी हे केलंय का? वकील आधी गाठायचा की शेजारी? आणि पॉलिसीप्रमाणे इन्शुरन्सने कापून ठेवलेले डेप्रिसिएशनचे पैसे मिळवायला वर्षाच्या आत काम पूर्ण करावं लागतं, तोवर ताडपत्री बांधून बसायचं का?

— गारपीटग्रस्त

उंटावरचा शहाणा: सरळ बसवून टाका हो. एकदा बसलं की कोण उचकटायला येतंय!

निवांत: वरचा सल्ला कृपया ऐकू नका. दंड लागतो, कोर्टात गेले तर काढायलाही लावू शकतात, आणि वर त्यांच्या वकिलाची फी तुमच्या माथी.

मी दुसऱ्या एका सबडिव्हिजनच्या (वसाहतीच्या) एचओए बोर्डावर चार वर्षं काढलीत (पापं फेडली म्हणा), त्यामुळे थोडं सांगतो. तुम्ही दोन गोष्टींची गल्लत करताय. तुमचं रूफ ही यंदाची गोष्ट, नियम बदलणं हे वर्ष-दीड वर्षाचं काम.

रूफसाठी टेक्सास प्रॉपर्टी कोडचं कलम २०२.०११ वाचा, २०११ पासून आहे. गारा-वाऱ्याला टिकणारी, नेहमीच्या कम्पोझिशन शिंगलपेक्षा घर गार-गरम ठेवायला सरस असलेली किंवा सोलर वीज देणारी शिंगल्स एचओएला अडवता येत नाहीत. अट अशी की ती दिसायला तिथल्या चालू शिंगल्ससारखी हवीत, दर्जाने निदान तेवढी आणि टिकायला जास्त हवीत आणि आजूबाजूच्या घरांशी मेळ खायला हवा. आता मेख बघा, कायदा शिंगल म्हणतो. स्टँडिंग सीमच्या उभ्या लांब पट्ट्या शिंगलसारख्या दिसतात असं तुम्ही कोणाला पटवणार? पण स्टोन कोटेड स्टील, म्हणजे वर दगडाची बारीक खडी चिकटवलेलं, ते शिंगलच्या आकारात मिळतं आणि रस्त्यावरून पटकन कळतही नाही. गारांच्या माऱ्याच्या टेस्टमध्ये क्लास ४ रेटिंग मिळालेलं घ्या, त्या टेस्टमध्ये दोन इंची पोलादी गोळा २० फुटांवरून एकाच जागी दोनदा टाकतात आणि तरी तडा जाता कामा नये.

नकार आलाय ना? पत्र पाठवल्यापासून ३० दिवसांच्या आत बोर्डापुढे हिअरिंग मागा, तो तुमचा हक्क आहे (कलम २०९.००५०५, ४० पेक्षा जास्त लॉट असले की लागू). नकाराचं कारण आणि काय बदललं तर मंजूर होईल हे दोन्ही त्यांनी लेखी द्यायला हवं. आणि त्याच कलमाप्रमाणे बोर्डावरचा माणूस, त्याची बायको किंवा नवरा, घरात राहणारं कोणीही असे अर्ज मंजूर-नामंजूर करणाऱ्या कमिटीवर असता कामा नये. बघा जरा कोण कोण आहे ते.

मतांचं म्हणाल तर ७५ विसरा, कायद्याने ६७ टक्के पुरतात, कागदात त्याहून कमी लिहिलं असेल तर ते कमी. पण टक्के एकूण मतांचे, हजर असलेल्यांचे नव्हे, म्हणजे तुम्हाला १४३ हवीत आणि जो घरी झोपला तो विरोधातच धरायचा. आमचं घोडं भाड्याने दिलेल्या घरांपाशी अडलं होतं. मालक दुसऱ्या राज्यात, भाडेकरूला मत नाही. काउंटीच्या अप्रेझल डिस्ट्रिक्टच्या (घरांची किंमत ठरवणाऱ्या कार्यालयाच्या) साइटवर मालकांचे टपालाचे पत्ते मिळतात, तिथून यादी काढून बॅलट घरपोच पाठवले तेव्हा कुठे हललं.

मसुद्यात "मेटल" शब्दच नको, लोक बिचकतात. क्लास ४, आगीसाठी क्लास ए, चकाकी नको, रंग अमुक अमुक, एवढंच लिहा. मंजूर झालं की काउंटी क्लार्ककडे नोंदवायचं. अजून एक, तुमचा १९८४ चा मूळ कागद काढून बघा, त्या काळी पुष्कळ ठिकाणी लाकडी शिंगलची सक्ती असायची. आज राज्याच्या कायद्याने ती सक्तीच रद्दबातल आहे. मीटिंगमध्ये "आपले नियम कधी बदलले नाहीत" म्हणणाऱ्यांना तेवढं पान दाखवा.

खिडकीशेजारी: इन्शुरन्सचं पण बघा. क्लास ४ ला डिस्काउंट देतात पण मेटल म्हटलं की काही कंपन्या कॉस्मेटिक डॅमेज वगळतात, म्हणजे नुसते पोचे पडले तर छदाम नाही. सही करायच्या आधी वाचा.

गारपीटग्रस्त: निवांत, तुमचे पाय कुठे आहेत! १९८४ चा कागद काढला, खरंच लाकडी शिंगल लिहिलंय, नंतर ९२ मध्ये दुरुस्ती करून कम्पोझिशन केलं. आणि कमिटीत तिघं आहेत, दोघं बोर्डावरचे आणि तिसरी प्रेसिडेंटची बायको. नकाराच्या पत्राला आज बाविसावा दिवस, हिअरिंगची मागणी उद्या सकाळीच पाठवते. स्टोन कोटेड कोणी बसवलं असेल तर पाऊस पडताना आत आवाज किती येतो तेवढं सांगा, नवऱ्याची झोप सावध आहे.