मदत हवी आहे: तिरप्या चिलखताची 'खरी' जाडी कशी धरायची?

पटावरचा_सेनापती:
पटावरच्या युद्धखेळासाठी रणगाड्यांचा तक्ता करतोय. तिरप्या पत्र्याला 'जाडी भागिले कोसाइन' लावलंय. दुसऱ्या महायुद्धातल्या सोव्हिएत टी-34 चा पुढचा वरचा पत्रा 45 मिमी, उभ्यापासून 60 अंश, म्हणजे 90. जर्मन टायगर-1 चा 100 मिमी, जवळजवळ उभा. मग दोघं सारखेच? तरी टायगरची 88 मिमी तोफ टी-34 ला लांबूनही फोडते असंच सगळीकडे वाचतो. जर्मन पँथरच्या पुढच्या 80 मिमी पत्र्याचे एकीकडे 98 येतात, दुसरीकडे 140. आणि उतार इतका कामाचा, तर नंतरच्या काही रणगाड्यांचं टरेट (तोफ बसवलेला वरचा फिरता भाग) पेटीसारखं का?

काटकोन:
98 विसरा. तिथे कोसाइनच्या जागी साइन लागलंय. पँथरचे 55 अंश उभ्या रेषेपासून मोजलेले आहेत, म्हणून 80 ÷ 0.574 = 139. तक्त्यात प्रत्येक कोनापुढे 'उभ्यापासून' की 'आडव्यापासून' ते लिहाच.

दुसरा खड्डा भेदनक्षमतेच्या आकड्यात आहे. टायगरच्या तोफेचे '1000 मीटरवर 100 मिमी' हे 30 अंश तिरप्या पत्र्यावरचे आहेत. ते सरळ 90 शी ताडले तर उतार एका बाजूला मोजला जातो, दुसऱ्या बाजूला नाही.

पोलादपत्रा:
मूळ प्रश्नाचं उत्तर गोळ्याच्या व्यासात आहे. पत्र्याची जाडी भागिले गोळ्याचा व्यास काढा. 37 मिमी गोळ्यासमोर 45 चा पत्रा 1.2 पट पडतो. गोळ्याचं नाक वळायला वेळ मिळतो, तो घसरून उडतो. म्हणजे अशा गोळ्याला तो पत्रा कागदावरच्या 90 पेक्षाही जड जातो. 88 समोर तेच गुणोत्तर 0.51. गोळा वळण्याआधी पत्राच आत दबून फाटतो. म्हणून एकच 'खरी जाडी' लिहू नका, गोळ्याच्या व्यासाप्रमाणे दोन-तीन रकाने करा.

'उतारामुळे वजन वाचतं' हेही अर्धसत्य. तेवढीच उंची झाकायला 60 अंशांवर पत्रा दुप्पट लांब लागतो, म्हणजे 90 मिमी उभ्या पत्र्याइतकंच पोलाद. फायदा गोळा घसरण्याचा. किंमत आतल्या जागेत मोजावी लागते, विशेषतः बाजूचे पत्रे तिरपे केले की.

काटकोन:
घसरलेला गोळा जातो कुठे, तेही बघा. पँथरच्या तोफेभोवतीची ढाल गोल होती. तिच्या खालच्या अर्ध्या भागावर आदळलेला गोळा खाली वळून चालकाच्या डोक्यावरच्या 16 मिमी छतात शिरे. म्हणून 1944 च्या उत्तरार्धात ढालीला हनुवटीसारखा जाड कडा दिला. खेळात या फटीला वेगळा फासा ठेवा.

सळी_विरुद्ध_पत्रा:
पेटीसारख्या टरेटचं कारण म्हणजे शस्त्र बदललं. हीट गोळ्याची (हा आदळताच फुटून धातूची वेगवान धार सोडतो) धार जवळजवळ कोसाइनच्या हिशेबानेच अडते, पण ती गोळ्यासारखी घसरत नाही. फार तिरपा मार बसला तर फ्यूज दगा देऊ शकतो, एवढाच वरकड फायदा. लांब सळीचा गोळा (बारीक, लांब, जड धातूची सळी, वेगाच्या जोरावर भेदणारी) तर साधारण 80 अंशांपर्यंत उसळतच नाही. मग बाहेरून उतार देण्यापेक्षा जाड पेटीत थर भरणं परवडतं, आणि त्या थरांतले पत्रे पुष्कळदा आत तिरपेच बसवलेले असतात. बाहेरची पेटी बघून 'उतार शून्य' लिहू नका. चिलखतावर बाहेरून लावलेल्या, मार बसताच फुटून धार विस्कटणाऱ्या स्फोटक विटांचंही तेच. सोव्हिएत कोंटाक्ट-1 ची वीट धारेच्या काटकोनात असेल तर फारसं करत नाही, 60 अंशांच्या आसपास नीट काम करते.

उतार आणि थर एकत्र हवेत तर सुरुवातीचा सोव्हिएत टी-72 बघा. पुढे 80 पोलाद, 105 काचतंतूचा थर, 20 पोलाद, 68 अंशांवर. रेषेतली जाडी 547 मिमी, पण ती सगळी पोलादाची धरू नका.

पटावरचा_सेनापती:
आभारी आहे. रणगाडा चढावर किंवा वळून उभा असेल तर?

काटकोन:
चढ-उतारासाठी अंश सरळ मिळवा किंवा वजा करा. नाक 15 अंश खाली गेलं की टी-34 चे 60 चे 45 होतात, जाडी 64 मिमी. नाक वर गेलं तर वरचा पत्रा 75 वर जातो, पण खालचा पत्रा तितकाच उभा होऊन समोर येतो. वळणासाठी दोन्ही कोसाइनचा गुणाकार करा: 60 आणि 30 अंशांना 0.433, म्हणजे 104 मिमी. त्याच वेळी बाजूचाही हिशेब करायचा. टायगर 30 अंश वळला तर पुढे (मूळचा थोडा उतार धरून) 117, बाजूचा वरचा 80 मिमीचा पत्रा (त्यावर मार 60 अंशांनी येतो) 160, पण चाकांमागचा 60 मिमीचा 120 च.